रेफिका सुईण आणि दुतलुजाचा हालाय

रेफिका हानिमांचा, म्हणजे रेफिकाबाईंचा, उजवा पाय डाव्यापेक्षा चार बोटं आखूड होता. ही गोष्ट त्या लपवत नसत, पण कुणी त्यावरून हळहळलेलं त्यांना खपत नसे. मंगळवारच्या बाजारात कुणी "सावकाश हं, हानिम" म्हणालं की त्या होत्या तिथं उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "का? तुला घाई आहे का? मग हो पुढे."

मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा त्या साठीच्या होत्या. सरकारी सुईणीच्या नोकरीतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेली, पण सोकेच्या कापसाच्या मैदानावरच्या आमच्या त्या लहानशा गावात निम्म्या लोकांच्या दंडाला त्यांचीच सुई लागलेली. मी शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. आमची गाठ पडली ती नाचामुळे. एका लंगड्या बाईमुळे माझ्या शाळेचं नाचाचं पथक उभं राहिलं, ही गोष्ट तेव्हा मलाही खरी वाटली नसती.

त्यांचा जन्म मिलासच्या वरच्या अंगाचा, ऑलिव्हच्या डोंगरातला. वडील तेलाच्या घाण्यावर कामाला. चौथ्या वर्षी पोलिओचा ताप आला आणि जाताना एका पायातलं बळ घेऊन गेला. आमच्या या एजियन किनाऱ्याकडे लग्न म्हणजे झेबेक. ढोल आणि झुर्ना, म्हणजे इकडची सनई, संथ सुरात सुरू झाले की एकेक गडी अंगणात उतरतो, ससाण्यानं पंख पसरावेत तसे हात पसरतो आणि अशा तोऱ्यात पाऊल टाकतो की बघणाऱ्यानं श्वास धरून बसावं. मग गुडघा जमिनीला टेकवतो, तसाच सावकाश उठतो. बायकांचा झेबेक त्याहून हलका, पण तोही जिचा तिनं नाचायचा. रेफिका भिंतीशी खुर्चीवर बसलेली असायची. "तू बसलीच आहेस तर एवढं धर गं," म्हणत जी ती आपला कोट नाहीतर शाल तिच्या मांडीवर टाकून जायची.

"मी चेहरे बघायचेच नाही," त्या मला एकदा म्हणाल्या. "नाचताना सगळ्यांचे चेहरे सारखेच होतात. मी पाय बघायचे. आणि कोटांच्या ढिगाखाली माझी दोन बोटं नाचायची, एक उजवा पाय, एक डावा पाय. कुणाला पत्ता नाही."

सुईणीच्या शाळेत दाखल होताना डॉक्टरांनी तपासलं. पायाकडे बघून ते म्हणाले, "पोरी, डोंगरावर चढावं लागेल." रेफिका म्हणाली, "बाळ हातांनी काढायचं ना, साहेब?" आणि दोन्ही हात पुढे केले. ते हसले आणि सही करून मोकळे झाले.

पहिली नेमणूक काळ्या समुद्राकडची, चायकाराच्या वरच्या वाड्यांवर. तिथला नाच होरोन. सगळे हाताला हात धरून गोल उभे राहतात आणि तीन तारांचं केमेन्चे वाजायला लागलं की जाळ्यातली मासळी तडफडावी तसे खांद्यापासून घोट्यापर्यंत थरथरतात. आमच्याकडचा माणूस एक पाऊल टाकतो तेवढ्यात त्यांची वीस पावलं होतात. रेफिका गवताच्या गंजीवर बसून नाचणाऱ्या बायांची पोरं सांभाळायची. एक म्हातारी तिला म्हणाली होती, "सुईणबाई, आमच्या या उतारावर सगळ्यांचाच एक पाय आखूड असतो. तू फक्त आधीपासून तयारीनं आलीस." रेफिका पोटभर हसली, पण गंजीवरून उतरली नाही. त्या वेगात तिचा निभाव लागणारा नव्हता.

सहा वर्षांनी बदली झाली ती पार पूर्वेला, फरात नदीच्या काठच्या दुतलुजा गावी. तुतीच्या झाडांचं गाव. मोटार नदीच्या अलीकडेच थांबायची. पुढे नाव, मग खेचर. हिवाळा होता. पोचून महिना झाला नाही तोच बेसरा नावाच्या बाईचं पहिलं बाळंतपण अडलं. मूल पायाळू. रेफिका दोन रात्री तिच्या उशाशी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी हायदर जन्मला, आधी निळा आणि मग लालबुंद होऊन किंचाळणारा. गावानं त्या दिवसापासून सुईणबाईला आपल्यात धरलं.

शरदात जर्दाळू वाळवून झाल्यावर लग्नं सुरू झाली. पहिल्या लग्नाला रेफिका एका बाळंतिणीकडून उशिराच पोचली. अंगणात ढोल नुकताच घुमायला लागला होता. बायांची रांग उभी, करंगळीत करंगळी अडकवलेली, खांद्याला खांदा, आणि पुढे हातात लाल रुमाल घेऊन बेसरा. रेफिका सवयीनं भिंतीकडे वळली. बेसरा रांग सोडून तिच्याकडे आली, तिच्या अंगावरचा कोट ओढून काढला आणि आपल्या सासूच्या हातात कोंबला.

"चल, सुईणबाई."

"मला येत नाही."

"येत नाही म्हणजे? आमचा हालाय लंगड्या गाढवालाही येतो!"

कोट हातात धरून सासूनं तोंड वाकडं केलं. आणि रेफिकाला हसू फुटलं. तिच्या आयुष्यात तो शब्द तिच्या तोंडावर, असा मोकळेपणानं, कुणी उच्चारला नव्हता. ती गेली. तीन पावलं उजवीकडे, एक मागे, आणि मग पाय अधांतरी उचलून सगळ्यांनी थांबायचं. ढोलही थांबायचा. एक अख्खा ठोका नुसती शांतता, रांगच्या रांग एका पायावर उभी. मग ढोल पडायचा आणि रांग पुन्हा सरकायची. त्या एका ठोक्यात रेफिकाचा आखूड पाय बाकीच्यांना गाठायचा. पंचवीस वर्षांची झाल्यावर ती पहिल्यांदा नाचली, आणि त्या रात्री घरी परत जाताना तिला वाटलं, या गावचा नाच जणू आपल्याच मापाचा आहे, काय नशीब!

आठ वर्षं ती दुतलुजात होती आणि आठ वर्षं एकही हालाय तिनं चुकवला नाही. पुढे बदली सिलिफ्केला झाली. तिथं लाकडी चमचे वाजवत नाचतात. बसूनही वाजवता येतात, म्हणून तिनं वाजवले. पुढे अजून दोन ठिकाणं, मग निवृत्ती, मग आमचं गाव. नदीवर धरण झालं आणि दुतलुजा पाण्याखाली गेलं हे तिनं रेडिओवर ऐकलं. माणसं कुठं गेली, ते रेडिओनं सांगितलं नाही.

ती माणसं आमच्या गावापासून चौदा किलोमीटरवर आली होती. समुद्राजवळच्या खाऱ्या जमिनीवर सरकारनं एकसारखी घरं बांधून दिली होती आणि कागदावर त्या वस्तीला एक नवंच, कुणीही न वापरलेलं नाव दिलं होतं. आमचे लोक तिला धरणवस्ती म्हणायचे आणि तिथल्या लोकांना "ते पूर्वेकडचे". कापूस वेचायला सगळे एकाच शेतात, पण लग्नाला एकमेकांच्या दारात कुणी जात नसे.

मी आले तेव्हा मुख्याध्यापकांनी सांगितलं, "मुलींचं पथक तयार करा. झेबेक बसवा. आपला तोच." गावातल्या मुलींनी नावं दिली. धरणवस्तीच्या आठ मुली व्यायामशाळेच्या दाराशी उभ्या राहून बघायच्या आणि निघून जायच्या. मी एक दिवस त्यांना गाठलं.

"तुम्ही का येत नाही?"

"ते आमचं नाही, होजाम," एक म्हणाली. इकडे शिक्षकांना होजा म्हणतात.

"मग तुमचं काय आहे, ते सांगा. तेही बसवू."

सोनगुल नावाची तेरा वर्षांची मुलगी म्हणाली, "आमचं पाण्याखाली आहे."

मी वस्तीत जाऊन आले. बायांनी चहा दिला, जर्दाळू दिले, पण नाचाचं नाव काढलं की विषय बदलायच्या. इथं आल्यापासून त्यांनी हालाय धरलाच नव्हता. लग्नात टेपवरची गाणी लावायच्या. ज्या बाईला नीट माहीत होतं ती, सोनगुलची आजी, हिवाळ्यापुरती धाकट्या मुलाकडे मेर्सिनला गेलेली.

त्याच महिन्यात सोनगुलला घशाचा आजार झाला आणि इंजेक्शन घ्यायला ती रेफिका हानिमांकडे गेली. सुई उकळता उकळता त्यांनी सहज विचारलं, "कुणाची गं तू?"

"हायदरची. धरणवस्तीतली."

"मूळ गाव कुठलं?"

"दुतलुजा."

रेफिका हानिमांनी सुई बाजूला ठेवली. "बापाच्या डाव्या टाचेवर जांभळा डाग आहे का?"

पोरगी घाबरली. "तुम्हाला कसं माहीत?"

"कारण बाहेर आलेला त्याचा पहिला अवयव तोच होता!"

दुसऱ्या दिवशी सोनगुलनं त्यांना हाताला धरून माझ्या व्यायामशाळेत आणलं. रेफिका हानिम टेबलापाशी बसल्या, तर्जनी आणि मधलं बोट टेबलावर उभं केलं आणि म्हणाल्या, "मुलींनो, हे माझे पाय. नीट बघा. तीन उजवीकडे, एक मागे. आता थांबा. थांबा म्हटलं ना! श्वाससुद्धा नाही."

असा आमचा दुतलुजाचा हालाय सुरू झाला. धरणवस्तीच्या आठ मुली आणि, आठवडाभरानं, गावातल्या चार. मुलींना तो थांबाच सगळ्यात आवडायचा. बारा पोरी एका पायावर, चिडीचूप, आणि मग धप्पकन ढोल. आमचा ढोलवाला इद्रिस आगा मात्र वैतागला होता. "होजाम, तीस वर्षं लोक मला ओरडून सांगतात, जोरात वाजव. गप्प बस म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या," तो म्हणायचा. रेफिका हानिम त्याला उत्तर द्यायच्या, "इद्रिस, वाजवायला कुणालाही येतं. न वाजवता ठोका दे, मग तुला मानलं." तो कुरकुरत द्यायचा.

एप्रिलमध्ये जिल्ह्याची स्पर्धा होती. अर्जात एक रकाना होता : हा नाच कुणाकडून मिळवला. मी तिथं लिहिलं, रेफिका, निवृत्त सुईण. त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अक्षर जरा मोठं काढायचंस." दुतलुजाची आठवण आपल्या दोन बोटांत शिल्लक राहिली याचा त्यांना केवढा अभिमान वाटत होता!

मार्चच्या शेवटी बेसरा मावशी मेर्सिनहून परतली आणि त्याच दिवशी दुपारी नातीचा हात धरून सरावाला आली. पंचावन्नच्या पुढची, उंच, पांढऱ्या ओढणीची, दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"तू म्हातारी झालीस, सुईणबाई," बेसरा म्हणाली.

"आणि तू तरणीताठी राहिलीस का? आरसा नाही वाटतं मेर्सिनला?"

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या रडल्या की इद्रिस आगा झुर्नावाल्याला घेऊन बाहेर जाऊन उभा राहिला. रडणं आटोपल्यावर मुलींनी रांग धरली. तीन पावलं, एक मागे, थांबा. आणि त्या शांततेत बेसरा मावशीचं हसू फुटलं. तोंडावर हात दाबूनही ते थांबेना.

"काय झालं, आजी?" सोनगुल रागावून म्हणाली.

"अगं, हे इथवरसुद्धा आलं! हा थांबा मूळचा आमच्या हालायचा नाही गं. हा सुईणबाईच्या पायाचा आहे." आणि ती भाबडेपणानं सांगत सुटली. "त्या लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही पाणवठ्यावर ठरवलं. मी म्हटलं, माझा पोरगा जिवंत आहे तो हिच्यामुळं, ही भिंतीशी बसणार नाही. पण पाय कसा पुरायचा? मग हे काढलं. हंडे बाजूला ठेवून दुपारभर घोकलं. निम्म्याजणी त्या ठोक्याला पडायच्या! ढोलवाल्याला तर मी धमकीच दिली, चुकलास तर जेवण नाही."

मुली हसत होत्या. मी रेफिका हानिमांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी पिशवी उचलली, "मला एक इंजेक्शन द्यायचंय," म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्यानंतर दहा दिवस त्या सरावाला आल्या नाहीत.

मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला कॉफी दिली आणि आधीच ठरवून ठेवल्यासारखं बोलल्या. "होजा, तो थांबा काढून टाक. अर्जातलं माझं नावही खोड. मी तुला गावाचा नाच दिला नाही, माझी लंगडी दिली."

"असं कसं म्हणता?"

"मग कसं म्हणू? सगळ्या आयुष्यात एक जागा अशी होती की जिथं मी चार बायांसारखी बाई होते. तिथं कुणी मला सांभाळून घेतलं नाही, असं मी समजून होते. आणि अख्खं गाव माझी कीव करत होतं. आठ वर्षं! मी मात्र मिरवत होते."

मी वस्तीत जाऊन बेसरा मावशीला जसंच्या तसं सांगितलं. ती पीठ मळत होती. तिनं हात धुतले, ओढणी बदलली आणि म्हणाली, "गाडी आहे ना तुझी? चल."

रेफिका हानिमांच्या दारात तिनं बूट काढले, आत शिरली आणि बसायच्या आधीच सुरू झाली.

"कीव म्हणालीस?"

"ओरडू नकोस. शेजारी आहेत."

"ऐकू देत शेजाऱ्यांना. हायदरच्या वेळी तू दोन रात्री माझ्या उशाशी होतीस. माझे केस विंचरलेस, मला शिव्या दिल्यास. तेव्हा काय माझी कीव करत होतीस?"

"ते माझं काम होतं."

"आणि हालायच्या पुढं उभं राहणं माझं काम होतं! रुमाल काय, वाराही फिरवतो. पुढच्या बाईनं बघायचं असतं की मागं कोण रखडतंय. मी बघितलं. एवढंच."

रेफिका हानिम खिडकीकडे वळून हळूच म्हणाल्या, "निदान मी गेल्यावर तरी काढायचा होता. तुमचा नाच तुम्हाला परत मिळाला असता."

"कसा काढणार? तू गेलीस त्या वर्षी आमची फातोश आठव्या महिन्यात होती. ती म्हणाली, राहू दे, मला दम खाता येतो. मग माझ्या सासूनं तो पकडला. दहा वर्षं गुडघे धरून बसलेली म्हातारी उठून रांगेत शिरली, आणि मग तिला बाहेर काढायची कुणाची छाती! तुझ्या पायाचं काय घेऊन बसलीस, सुईणबाई? तुझा पाय कोण आठवत बसलंय? ज्याला त्याला सोयीचं झालं म्हणून राहिलं. गावात शेवटचं लग्न झालं, पाणी तुतींच्या बुंध्याशी आलं होतं, तेव्हाही आम्ही तस्संच नाचलो. तू गेल्यानंतर जन्मलेल्या पोरांना दुसरा हालाय ठाऊकच नाही."

"तुझी सासू नाचली?" रेफिका हानिमांनी विचारलं. "ती? जी कोट धरून तोंड वाकडं करून उभी होती ती?"

"माझ्याही पुढं उभी राहायची सटवी!"

आधी रेफिका हानिमांचे खांदे हलले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग म्हणाल्या, "बस की मेले. उभ्यानंच भांडणार आहेस का? होजा, कॉफी ठेव."

अर्जात मी बेसराचं नावही लिहिलं आणि खाली खरं तेच लिहिलं : यातला थांबा गावच्या बायांनी आपल्या सुईणीसाठी घातला आणि पुढे सगळ्या गावानं ठेवला. मुख्याध्यापक म्हणाले, "हे लिहू नका. परीक्षकांना जुनं, अस्सल लागतं. गुण जातील." मी मुलींना विचारलं. बाराच्या बारा म्हणाल्या, लिहा.

स्पर्धेला नऊ पथकं होती. झेबेक पाच, होरोन एक, चमच्यांचा नाच एक, थ्रेसकडची रुमालांची कार्शिलामा एक, आणि आमचा हालाय. मुली देखण्या नाचल्या. थांब्याला सगळं सभागृह गप्प झालं. तिसऱ्यांदा तर प्रेक्षकांत कुणीतरी मोठ्यानं सुस्कारा सोडलेला मला ऐकू आला. परीक्षकांतले एक वयस्क गृहस्थ कागद वर धरून म्हणाले, "होजा हानिम, हा थांबा नंतरचा आहे, असं तुम्हीच लिहिलंय."

"हो."

"म्हणजे मूळ नाच असा नाही."

मागच्या रांगेतून बेसरा मावशीचा आवाज आला, "बेटा, तुझ्या आईनं तुला चालायला शिकवलं तेपण नंतरचंच. मूळचा तू रांगत होतास."

सभागृह हसलं. ते गृहस्थही हसले, पण गुण कापायचे ते त्यांनी कापले. आम्ही पाचवे आलो. बसमध्ये मुली अर्धा रस्ता रडल्या. उरलेला अर्धा रस्ता त्या इतक्या मोठ्यानं गात होत्या की चालकानं आरशातून दोनदा डोळे वटारले. गावातल्या मुली पूर्वेकडची गाणी गात होत्या आणि शब्द चुकले की सोनगुलचा मार खात होत्या.

मे उजाडला. हिदरेल्लेझ, म्हणजे वसंताचा सण, आमच्याकडे ओढ्याकाठी होतो, वस्तीचे लोक त्यांच्याकडे करायचे. त्या वर्षी मुलींनी परस्पर ठरवून टाकलं की सगळ्यांनी वस्तीच्या मैदानावर यायचं. आमच्या बाया चीज भरलेले बोरेक आणि भरलेली द्राक्षपानं घेऊन गेल्या, जरा अवघडून, डबे छातीशी धरून. वस्तीच्या बायांनी मोठमोठे तवे मांडून पोळ्या भाजायला घेतल्या होत्या. तासाभरात तव्यांपाशी कोण कुठलं ते ओळखू येईनासं झालं. इद्रिस आगानं ढोल गळ्यात अडकवला आणि बेसराकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस? मी शपथ घेतलीय," ती म्हणाली. "या खाऱ्या मातीत नाचणार नाही म्हणून."

रेफिका हानिम तिच्या शेजारीच बसल्या होत्या. "गुडघे दुखतात म्हणून सांग ना सरळ," त्या म्हणाल्या. "शपथेचं नाव कशाला?"

"माझे गुडघे?" बेसरा ताडकन उठली. "माझे गुडघे दुखतात? आण गं तो रुमाल!"

गाव सोडल्यापासून सात वर्षांनी तिनं रांग धरली. आधी तिच्या मागे मुली, मग मुलींच्या आया, मग आमच्या गावच्या दोघी-तिघी लाजत लाजत. रेफिका हानिम बेसराच्या लगेच मागे, करंगळीत करंगळी. थांब्याला सगळे थांबले. आमचे मुख्याध्यापकही रांगेच्या शेपटाला एका पायावर डुलत होते. वस्तीतल्या म्हाताऱ्या कडेला बसून रडत होत्या, आणि रडता रडता चुकणाऱ्यांना नावंही ठेवत होत्या. मग आमच्या लोकांनी झेबेक धरला तेव्हा हायदर आणि त्याचे दोस्त शिट्ट्या घालत होते आणि मग, न राहवून, त्यांनीही हात पसरले. ससाण्यापेक्षा कोंबडे जास्त दिसत होते, पण हात पसरले.

दमून बसल्यावर बेसरा मावशी एकदम म्हणाली, "हा अर्धाच झाला. याला पुढचा तुकडा होता, उडत्या चालीचा. तो बसवला नाहीत का?"

रेफिका हानिम म्हणाल्या, "त्यात मी कधी नव्हते. तो सुरू झाला की मी चहा प्यायला जायचे. माझ्या बोटांतही नाही तो. तुला येतो ना?"

"सुरुवात येते. मध्येच हात सुटतात आणि पाठीमागं टाळी असते, तिथून पुढं..." ती उठून दोन पावलं चालली, थबकली. "नाही. गेलं. फातोशला येत असेल. ती त्यात पटाईत होती. ती मेर्सिनला आहे, लिंबाच्या बागेत कामाला जाते."

"मग पत्र लिही."

"नाच काय पत्रात लिहितात? तिला धड सहीसुद्धा येत नाही."

सप्टेंबरात कापूस वेचणीच्या आधी त्या दोघी बसनं मेर्सिनला गेल्या. सोनगुल आणि मी त्यांना स्थानकावर सोडायला गेलो. खिडकीशी कोण बसणार यावरून भांडण तिथंच सुरू झालं होतं. सहाव्या दिवशी परत आल्या त्या दोन पोती लिंबं घेऊन, एकमेकींशी न बोलता. कारण मधल्या टाळ्या दोन की तीन, यावर रस्ताभर जुंपली होती. फातोशनं सगळा तुकडा करून दाखवला होता, तिच्या शेजारणीनंही, आणि दोघींचा थोडा थोडा वेगळा होता.

मी व्यायामशाळा उघडली. मुली धावत आल्या. इद्रिस आगानं ढोलावर काठी टेकवून विचारलं, "दोन वाजवू की तीन?"

"तीन," बेसरा म्हणाली.

"दोन," रेफिका हानिम म्हणाल्या आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून दोन बोटं उभी केली. "होजा, आधी माझं बघ, मग हिचं. मुलींना दोन्ही शिकव. दमल्या की आपोआप ठरेल."